तिसरं सेंटर बेअरिंगही गेलं. चौथं घालण्याआधी हे तपासा

तुमची तक्रार थोडक्यात अशी. पिकअपचं मूळ सेंटर बेअरिंग, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब शाफ्टला मध्ये धरणारं बेअरिंग, सव्वा लाख किलोमीटर चाललं. त्यानंतर घातलेलं नवं २० हजारांत गेलं, त्यापुढचं ९ हजारांत, आणि आता तिसरं ४ हजारांतच घरघरायला लागलंय. मधल्या काळात मागच्या पाट्यांत (स्प्रिंगमध्ये) एक जादा पाटा घातला आहे. माल भरलेला असताना पहिल्या गिअरात गाडी उचलली की सीटखाली थरथर येते. मेकॅनिकचं म्हणणं असं की हल्ली चांगला माल येत नाही, आणि तुमचा प्रश्न आहे की आता कुठल्या कंपनीचं बेअरिंग घालू?

आज त्या जागी कुठल्याही कंपनीचं घातलंत तरी ते जाईल. नकली माल बाजारात असतोच, पण तुमचे आकडे तसं सांगत नाहीत. दोष बेअरिंगच्या दर्जाचा असता तर एखादं ५ हजार चाललं असतं, एखादं ४०, एखादं १०. तुमच्याकडे प्रत्येक वेळी आयुष्य निम्म्याहूनही कमी होत गेलंय. म्हणजे पहिलं बेअरिंग जाण्याच्या सुमारास गाडीत काहीतरी बदललं, आणि तो बदल तसाच राहून आता बाकीच्या भागांनाही खातोय. म्हणून सगळ्यात आधी एकच गोष्ट आठवून पाहा: तो जादा पाटा पहिलं बेअरिंग जाण्याआधी घातला की नंतर? आधी घातला असेल तर माझा पहिला संशय शाफ्टच्या कोनांवर. नंतर घातला असेल, तर पहिल्यांदा शाफ्ट खाली उतरवला तेव्हा काय हरवलं, काय उलटं बसलं, हे शोधायचं.

शोध सुरू करण्याआधी एक विनंती. बेअरिंगभोवतीचं रबर फाटलं असेल किंवा शाफ्ट हाताने वरखाली हलत असेल तर गाडी माल भरून चालवू नका. बेअरिंग पूर्ण सुटलं की शाफ्टचा मधला भाग खाली येतो, आणि वेगात असताना तो रस्त्याला लागला तर पुढचं काहीच आपल्या हातात राहत नाही.

आता त्या बेअरिंगचं काम काय ते पाहू. लांब शाफ्ट वेगात धनुष्यासारखा वाकून फिरायला लागतो, आणि लांबी दुप्पट झाली की हा धोक्याचा वेग चौथाई होतो. म्हणून लांब गाडीत प्रोपेलर शाफ्टचे दोन तुकडे करतात आणि मधला सांधा सेंटर बेअरिंगवर टांगतात. बेअरिंगला फक्त शाफ्टचा मध्य जागेवर धरायचा असतो. काम हलकं आहे. आतलं बॉल बेअरिंग याच्या कितीतरी पट भार पेलू शकतं, आणि भोवतीचं रबर थोडीफार हालचाल पोटात घेतं. इतकं हलकं काम करणारी वस्तू ४ हजार किलोमीटरमध्ये मरते तेव्हा तिच्यावर दुसरं कुणीतरी भार टाकत असतं, नाहीतर तिच्यातलं ग्रीस पाण्याने किंवा उष्णतेने गेलेलं असतं.

कोण भार टाकतंय हे जुनं बेअरिंग स्वतःच सांगतं, आणि दुर्दैवाने तेच आपण भंगारात टाकतो. मागचं एखादं पडलेलं असेल तर शोधून काढा. नसेल तर आत्ता जे काढाल ते जपून ठेवा. काढण्यापूर्वी त्याच्या बाहेरच्या पट्टीवर वरची बाजू आणि पुढची बाजू रंगाने लिहून घ्या. ही खूण नसेल तर पुढचं वाचन अर्धं वाया जातं.

आधी रबर बघा. ते सगळीकडून सारखं फाटलं असेल तर शाफ्ट गोल गोल झोडपत होता, म्हणजे बॅलन्स गेलाय, शाफ्ट वाकडा आहे किंवा क्रॉस (सांध्यांतले अधिक चिन्हासारखे तुकडे) ढिले आहेत. फक्त वर किंवा फक्त खाली फाटलं असेल तर ब्रॅकेटची (बेअरिंग चासीला धरणाऱ्या भागाची) उंची किंवा कोन चुकतोय. पुढे किंवा मागे ओढलं गेलं असेल तर स्लिप योक (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातांचा सरकता जोड) अडकतोय, किंवा बसवतानाच ब्रॅकेट ताणून बसवलंय. रबर फुगून मऊ, चिकट झालं असेल तर गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून तेल गळून वाऱ्याबरोबर तिथपर्यंत येतंय. कडक होऊन चिरा पडल्या असतील तर सायलेन्सरचा पाइप किती जवळून जातो आणि त्यावरचा उष्णतेचा पत्रा जागेवर आहे का, ते पाहा.

मग बेअरिंग कापा. ग्राइंडरने बाहेरची रिंग कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच. ग्रीस तांबूस आणि पाणचट असेल तर पाणी शिरलं. काळं, कोरडं, जळका वास येणारं असेल तर ते तापलं. यापुढची खूण मला सगळ्यात जास्त कामाची वाटते, आणि ती फार थोडे लोक बघतात. दोन्ही रिंगांवर गोळ्यांनी पाडलेली चकचकीत वाट असते, ती नीट पाहायची. आतली रिंग शाफ्टबरोबर फिरते, बाहेरची स्थिर असते. भार एकाच दिशेने येत असेल, म्हणजे ब्रॅकेट चुकीच्या उंचीवर किंवा तिरकं असेल, तर बाहेरच्या रिंगवर एकाच बाजूच्या कमानीत झीज दिसते आणि आतली रिंग सगळीकडून सारखी झिजलेली असते. बॅलन्स गेलेला असेल तर जड बाजू शाफ्टबरोबर फिरत राहते, त्यामुळे उलट होतं: आतल्या रिंगवर एकाच जागी झीज आणि बाहेरची गोलभर सारखी. वाट रिंगच्या मधोमध नसून एका काठाला सरकलेली असेल तर शाफ्ट लांबीच्या दिशेने ढकलला जात होता. आणि गोळ्यांच्या अंतराइतक्याच अंतरावर छोटे खड्डे दिसले तर बहुतेक बसवताना हातोडा चुकीच्या ठिकाणी पडला होता. तसं बेअरिंग गाडीत जातानाच अर्धं मेलेलं असतं.

आतल्या रिंगचं भोकही बघा. ते आरशासारखं चकाकत असेल किंवा निळसर पडलं असेल तर रिंग शाफ्टवर घसरून फिरत होती, म्हणजे शाफ्टवरची बेअरिंगची बैठक झिजली आहे. दर वेळी आयुष्य कमी होत गेलं यामागे ही गोष्ट असू शकते, कारण प्रत्येक घसरणारं बेअरिंग बैठक आणखी खात जातं. अशा बैठकीवर पंचाचे ठोके मारून बेअरिंग घट्ट बसवण्याची पद्धत सर्रास दिसते. कृपया तसं करू देऊ नका. उठलेल्या टोकांवर बसलेली रिंग मध्यावर राहत नाही, आणि ती टोकं दबली की दोन महिन्यांत ती पुन्हा सैल होते. बैठक मायक्रोमीटरने मोजून घ्या. झिजली असेल तर तो तुकडा बदलणं किंवा बैठक नीट भरून, लेथवर टर्न करून घेणं हेच खरं काम.

आता रस्त्यावरची चाचणी. थरथर कुठल्या वेगाला येते, गाडी ओढत असताना येते की सोडल्यावर, हे लिहून काढा. समजा चाकाचा घेर २.१ मीटर आणि डिफरेन्शियलचं प्रमाण ४.१ आहे, म्हणजे चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.१ फेऱ्या. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साडेदहा फेऱ्या घेतं आणि शाफ्ट सुमारे ४३, म्हणजे मिनिटाला २६००. चाकाचा किंवा टायरचा दोष सेकंदाला दहा-अकरा हेलकावे देतो आणि तो स्टिअरिंगला किंवा सीटला मोजता येईल इतका संथ जाणवतो. शाफ्टच्या बॅलन्सचा दोष ४३ चा, म्हणजे जमिनीतून येणारी बारीक गुणगुण. कोनांचा दोष एका फेरीत दोनदा येतो, म्हणजे ८६ चा, आणि तो कंपनापेक्षा आवाजासारखाच ऐकू येतो. तोच वेग ठेवून एक गिअर खाली घ्या. थरथर तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलली तर इंजिन, क्लच आणि माउंटिंगकडे पाहा.

तुमची थरथर मात्र उचलताना येते, वेगात नाही, आणि तीही भरलेल्या गाडीला. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण याच ठिकाणी निदान चुकतं. लोक शाफ्ट बॅलन्सिंगला पाठवतात, पैसे जातात, थरथर तशीच राहते. संथ वेगात बॅलन्सच्या दोषाला जोरच नसतो, कारण तो जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १० किलोमीटरला जे थरथरतं ते बॅलन्सचं नसतं.

क्रॉसचा सांधा कोनात फिरतो तेव्हा दोन गोष्टी होतात. पहिली बऱ्याच जणांना माहीत असते: एका बाजूला फिरणं एकसमान असलं तरी दुसऱ्या बाजूला ते प्रत्येक फेरीत दोनदा वेगवान आणि दोनदा मंद होतं. ३ अंशांच्या कोनात हा चढउतार सुमारे ०.१४ टक्के वर-खाली असतो, ७ अंशांत ०.७५ टक्के. म्हणजे कोन अडीच पटही वाढलेला नाही, पण चढउतार पाच पटींहून जास्त झाला. त्यानंतरच्या सांध्याचा कोन तेवढाच ठेवला आणि योक (क्रॉसला दोन बाजूंनी धरणारे काटे) योग्य दिशेत असले तर हा चढउतार तिथे खोडला जातो.

दुसरी गोष्ट खोडली जात नाही. कोनातून जोर पाठवताना सांधा शाफ्टला वाकवायला बघतो, तेही फेरीत दोनदा, आणि हे वाकवणं जोर आणि कोन या दोहोंवर चालतं. समजा भरलेली गाडी पहिल्या गिअरात उचलताना गिअरबॉक्समधून १२०० न्यूटन-मीटर इतका फिरवणारा जोर बाहेर पडतोय आणि मधल्या सांध्याचा कोन ६ अंश आहे. वाकवणारा जोर १२५ न्यूटन-मीटरच्या आसपास जातो. पुढचा शाफ्ट ७० सेंटिमीटरचा असेल तर सेंटर बेअरिंगला प्रत्येक फेरीत दोनदा १८ किलोच्या आसपासचा झटका बसतो. ताशी १० किलोमीटरला हे झटके सेकंदाला अकराच्या घरात येतात. तुमच्या सीटखाली येणारी थरथर तीच. कोन ३ अंशांवर आणला की झटका निम्मा होतो. रिकाम्या गाडीला ही थरथर कमी असते ती जोर कमी लागतो म्हणून. कोन बरोबर आहेत असा त्याचा अर्थ नाही.

म्हणून कोन मोजा. मोबाइलपेक्षा चुंबकाचा डिजिटल अँगल गेज बरा. गाडी सपाट जमिनीवर, चाकांवर उभी हवी. जॅकवर चढवून हाउसिंग (मागच्या चाकांमधला, डिफरेन्शियल असलेला अॅक्सल) लटकत असताना घेतलेले कोन निरुपयोगी. एकदा रिकाम्या आणि एकदा नेहमीच्या मालाच्या अवस्थेत मोजा. चाकांना ओट (सरकू नये म्हणून ठोकळे) लावल्याशिवाय खाली शिरू नका. चार वाचनं घ्यायची: गिअरबॉक्सचा मागचा फ्लँज (जोडाची चकती), पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट, डिफरेन्शियलच्या पिनियनचा (शाफ्टकडून जोर घेणाऱ्या गिअरचा) फ्लँज. चारही एकाच बाजूने मोजा, आणि मागे उतार असेल तर अधिक धरा. शेजारच्या दोन वाचनांतला फरक म्हणजे त्या सांध्याचा कोन.

समजा आकडे आले २, ३, ९ आणि २. पहिला सांधा १ अंश, मधला ६, शेवटचा ७. पहिला उत्तम आहे. अगदी शून्यही नको, अर्धा अंश तरी हवा, नाहीतर क्रॉसमधल्या सुया (सुईसारखे बारीक रोलर) जागेवरच राहून खड्डे पाडतात. मधला आणि शेवटचा मात्र ३ अंशांच्या आसपास हवेत आणि त्यांच्यात एक अंशाहून जास्त फरक नको. इथे दोन्ही दुपटीच्या घरात आहेत. जादा पाट्याने मागचा भाग उचलला की हाउसिंग चासीपासून खाली जातं, मागचा शाफ्ट जास्त उतरता होतो आणि नेमकं हेच चित्र दिसतं. पाटा काढून किंवा कमी कमानीचा घालून मागचा शाफ्ट ६ वर आला तर मधला सांधा ३ होतो. मग पिनियनचं नाक एक अंश वर घेतलं की शेवटचाही ३. त्यासाठी पाट्यांखाली एक अंशाची पाचर पुरते. पाटे हाउसिंगच्या वर बसत असतील तर पाचरीचं जाड टोक मागे येतं. बसवून पुन्हा मोजायचंच.

पाटा काढायचाच नसेल तर सेंटर बेअरिंग खाली उतरवण्याचा मोह होतो. ब्रॅकेटच्या वर घातलेली १२ मिलिमीटरची पट्टी ७० सेंटिमीटरच्या पुढच्या शाफ्टला एक अंश जास्त उतार देते आणि एक मीटरच्या मागच्या शाफ्टचा पाऊण अंशाहून थोडा कमी उतार घटवते. मधला सांधा ६ वरून ४.३ वर येतो, पण पहिला १ वरून २ होतो. थोडी दुरुस्ती म्हणून ठीक, पण मूळ चूक याने जात नाही.

याच पट्ट्यांची दुसरी बाजूही आहे. काही गाड्यांत कंपनीच ब्रॅकेट आणि क्रॉसमेंबर (चासीचा आडवा दांडा) यांच्यात पट्ट्या किंवा जाड वॉशर देते. शाफ्ट उतरवताना ते गळून पडतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः असे दोन वॉशर ट्रेमध्ये तसेच राहू दिले होते. ती गाडी तीन महिन्यांनी परत आली आणि त्या मालकाला मला नवं बेअरिंग स्वतःच्या खर्चाने घालून द्यावं लागलं. तुमच्या गाडीत कंपनीने पट्ट्या दिल्या होत्या का, हे मॅन्युअलमध्ये पाहा. क्रॉसमेंबरच्या बोल्टच्या भोकांभोवती घासल्याच्या खुणाही दिसतात. तिथेच चीर किंवा लांबट झालेलं भोक दिसतंय का तेही बघा. सतत माल वाहणाऱ्या गाडीत ते असतं.

खाली असतानाच गिअरबॉक्सचं मागचं माउंटिंग टामीने उचलून बघा. ते दबून खाली बसलं असेल तर पहिला कोन आणि उंची दोन्ही चुकतात. पाटे हाउसिंगला आवळणारे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्टही तपासा. जादा पाटा घालताना जुनेच यू-बोल्ट वापरले असतील तर ते बदला. एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा तसे धरत नाहीत, आणि हाउसिंग जोर आला की नाक वर करतं.

शाफ्ट काढण्याआधी सगळ्या जोडांवर आरपार खुणा करा: फ्लँज ते फ्लँज, स्लिप योक ते शाफ्ट. सगळ्याच गाड्यांत योक एका रेषेत नसतात, काहींत कंपनी मुद्दाम फिरवून बसवते. त्यामुळे डोळ्याने सरळ दिसलं म्हणजे बरोबर असं धरू नका. मागच्या तीनपैकी एखाद्या वेळी स्लिप योक चुकीच्या दातावर बसला असेल तर दोन क्रॉस एकमेकांचा चढउतार खोडण्याऐवजी वाढवत असतील. जुन्या बाणाच्या खुणा ग्रीसखाली दडलेल्या असतात, तारेच्या ब्रशने साफ करून शोधा.

बाकावर आल्यावर स्लिप योक हाताने आत-बाहेर सरकला पाहिजे. गाडीवर भार आला की पाटे सपाट होतात आणि हाउसिंग मागे सरकतं. ती सरक स्लिपने घ्यायची असते. ती कोरडी, गंजलेली किंवा दात खाल्लेली असेल तर सगळा ताण सेंटर बेअरिंगवर येतो, आणि जोर असताना तर ती अजिबात सरकत नाही. क्रॉस ढिला नको हे सगळे पाहतात, पण अडखळणारा क्रॉसही तितकाच वाईट. मध्यावर आल्यावर टक करून अडकत असेल तर बदला. नवीन क्रॉसला दोन बाजूंना वेगळ्या जाडीच्या सर्क्लिप (जागेवर अडकवणाऱ्या रिंगा) लागल्या तर तो मध्यावर राहत नाही, मग शाफ्ट कितीही सरळ असो.

शाफ्टची नळी दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा. मधोमध अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक आला तर मी तो शाफ्ट परत बसवत नाही. ८ किलोचा शाफ्ट आपल्या मध्यापासून फक्त अर्धा मिलिमीटर बाजूला फिरला तर मिनिटाला ३००० फेऱ्यांना ४० किलोचा जोर तयार होतो. नळीवर पोचा, सुटलेल्या बॅलन्स वजनाचा वेल्डिंगचा डाग, वाळलेल्या चिखलाचा थर, हे सगळं डोळ्यांनीच दिसतं. बॅलन्सिंगला द्यायचाच झाला तर दोन्ही तुकडे जोडून, नवं सेंटर बेअरिंग बसवून, एकत्र द्या. वेगवेगळे बॅलन्स केलेले दोन तुकडे जोडल्यावर बॅलन्समध्ये असतीलच असं नाही.

बसवताना बेअरिंग डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नका, आतलं ग्रीस कायमचं जातं. दाब फक्त आतल्या रिंगवर, तिच्या मापाच्या नळीने. दोन्ही बाजूंचे धूळरोधक पत्रे परत लागलेच पाहिजेत. ते बऱ्याच किटमध्ये नसतात, तरी जुने वाकडे झालेले फेकले जातात, आणि मग पुढचं बेअरिंग पाण्याने जातं. ब्रॅकेटचे बोल्ट आधी सैल ठेवा, गाडी चाकांवर उभी करा, दोन-तीन वेळा पुढे-मागे ढकला, म्हणजे बेअरिंग आपली जागा घेतं. रबर पुढे-मागे कुठेही ओढलेलं नाही, ब्रॅकेट शाफ्टला काटकोनात आहे, हे पाहून मगच टॉर्क रेंचने आवळा. मॅन्युअल ब्रॅकेट थोडं पुढे किंवा तिरकं ठेवायला सांगत असेल तर तेच पाळा.

तुमच्या गाडीत मी या क्रमाने जाईन: आधी कोन, रिकामे आणि भरलेले. मग जुन्या बेअरिंगची चिरफाड, आणि शाफ्ट खाली आल्यावर बैठक आणि स्लिप योक. माझा अंदाज असा की पाट्याने कोन बिघडवले आणि मागच्या दोन बेअरिंगांनी बैठक खाल्ली, त्यामुळे नुसता पाटा काढूनही हे थांबणार नाही, दोन्ही दुरुस्त करावं लागेल. सगळं झाल्यावर ५०० किलोमीटरने पुन्हा खाली जा, ब्रॅकेटचे आणि यू-बोल्टचे नट टॉर्कला तपासा आणि रबराच्या चारी बाजूंची फट बोटाने चाचपून बघा. ती चारी बाजूंनी सारखी लागली पाहिजे.